टीव्ही बदलायच्या आधी कॉम्प्युटर जोडून बघा, आणि कसा जोडायचा ते छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवीन टीव्हीबद्दल पेपरात खूप छापून येतं, कुठला मोठा, कुठला पातळ, कुठल्यात काय काय अॅप्स आहेत. पण घरात जो टीव्ही आहे आणि जो कॉम्प्युटर आहे ते दोन एकमेकांना जोडून सिनेमा कसा बघायचा यावर मला तरी फारसं काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय पण पूर्ण वाचा ही विनंती.

आमचा टीव्ही चांगला आहे, पडद्यावर एक डाग नाही. पण आतली अॅप्स एकेक करून चालेनाशी झाली, अपडेट येणं बंद झालं आणि घरात सगळे म्हणायला लागले की टीव्ही गेला, नवीन घेऊ. गेला कुठे? पडदा ठणठणीत आहे, म्हातारं झालंय ते आतलं सॉफ्टवेअर, आणि ते काम करायला घरात कॉम्प्युटर आहेच की. टीव्हीच्या मागे एचडीएमआयचं भोक होतं, लॅपटॉपला पण होतं, एक केबल लावली. २००२ साली हे एचडीएमआय आलं ते याचसाठी, चित्र आणि आवाज दोन्ही एकाच वायरीतून. त्याआधीच्या व्हीजीएच्या वायरीतून आवाज जातच नाही, ती १९८७ ची आहे आणि फक्त चित्रासाठी आहे, तिथे आवाजाची वायर वेगळी लावावी लागते.

मला हे सगळं करावंसं वाटलं ते आईसाठी. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे खालच्या अक्षरांवर सगळी भिस्त, आणि टीव्हीच्या प्लेअरवर ती अक्षरं एवढी बारीक की ती दहा मिनिटांत कंटाळून उठायची. सबटायटलची फाइल पेनड्राइव्हवर घालून लावली तर आमच्या टीव्हीने देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दाखवले. तीच फाइल कॉम्प्युटरवर यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची एक पद्धत, तिच्यात देवनागरी चालते) सेव्ह करून व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावली तर नीट मराठी अक्षरं आली, सेटिंगमध्ये जाऊन हवी तेवढी मोठी केली, रंग पिवळा केला. अक्षरं मागेपुढे होत असतील तर सिनेमा चालू असतानाच जी आणि एच ही बटणं दाबून जुळवता येतात, आणि आवाज ओठांशी जुळत नसेल तर जे आणि के. आई आता अख्खा सिनेमा बसून बघते. एवढं एक कारण मला पुरेसं आहे.

पण पहिल्या दिवशी हे सगळं इतकं सोपं झालं नाही, आणि मला खात्री आहे की बरेच लोक तिथेच सोडून देतात. माझं सगळ्यात आधी आवाजापाशी अडलं. चित्र टीव्हीवर आणि आवाज लॅपटॉपमधून! केबल खराब म्हणून मी दुसरी आणली, तरी तेच. केबलचा काही दोष नव्हता, कॉम्प्युटरला सांगावं लागतं की आवाज टीव्हीकडे पाठव. खाली कोपऱ्यात स्पीकरचं चिन्ह असतं त्यातून आउटपुट म्हणून टीव्हीचं नाव निवडायचं, संपलं. कधी आपोआप होतं, कधी नाही होत. मग विंडोजचं बटण धरून पी दाबलं की चार पर्याय येतात, त्यात सिनेमासाठी फक्त दुसरा पडदा हा पर्याय घ्यावा असं माझं मत आहे, कारण दोन्हीकडे तेच चित्र ठेवलं तर बऱ्याचदा दोघांसाठी एकच रेझोल्युशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, धरलं जातं आणि लहान लॅपटॉपचं कमी रेझोल्युशन मोठ्या टीव्हीवर ताणून धूसर दिसतं.

दुसरं म्हणजे कडा. चारी बाजूंनी चित्र थोडं कापलेलं, खालची पट्टी अर्धी गायब, सबटायटलची खालची ओळ बाहेर. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. पूर्वीच्या काचेच्या ट्यूबच्या टीव्हीत कडा सारख्या नसायच्या म्हणून चित्र मुद्दाम थोडं मोठं दाखवून कडा झाकायचे, ट्यूब गेली पण ती सवय कितीतरी सपाट टीव्हींमध्ये अजून आहे. त्यात १९२० बाय १०८० ठिपक्यांचं चित्र उगाच ताणलं जातं आणि अक्षरं पण अस्पष्ट होतात. उपाय टीव्हीच्या रिमोटवर आहे, कॉम्प्युटरमध्ये नाही. चित्राच्या आकाराच्या मेनूत जायचं, पण तिथे एका कंपनीचा शब्द जस्ट स्कॅन, दुसरीचा स्क्रीन फिट, तिसरीचा फुल पिक्सेल! काम तेच. हे शब्द माहीत नसलेल्या माणसाने काय शोधायचं सांगा? काही टीव्हींवर त्या एचडीएमआय इनपुटचं नाव बदलून पीसी असं ठेवलं तरी कडा नीट होतात.

काळा रंग राखाडी दिसत असेल तर तेही टीव्ही जुना झाल्यामुळे नाही. कॉम्प्युटर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत रंग ० ते २५५ मोजतो, टीव्ही बऱ्याचदा १६ ते २३५, दोघांचं जुळलं नाही की अंधारातले सीन धुतल्यासारखे दिसतात किंवा उलट सगळं काळं होऊन जातं. दोन्हीकडे एकच रेंज ठेवायची.

आता सिनेमाची खरी मजा बघायची असेल तर अजून एक गोष्ट करा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो आणि कॉम्प्युटर पाठवतो ६० वेळा. २४ ने ६० ला नीट भाग जात नाही म्हणून एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा असं दाखवलं जातं आणि कॅमेरा हळू फिरत असेल तेव्हा हिसके बसतात. डिस्प्लेच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र पाठवायचं तो आकडा, २४ चालत असेल तर सिनेमापुरता तो ठेवा, फरक लगेच दिसतो. आणि टीव्हीतलं ते मोशन स्मूथ करणारं फीचर बंद करा, त्याने सिनेमा सिरियलसारखा दिसायला लागतो. याच हिशोबाने अजून एक, लॅपटॉप जुना आहे, २००९ च्या एचडीएमआय १.४ चा आहे म्हणून फोरके, म्हणजे १९२० बाय १०८० च्या चौपट ठिपक्यांचं चित्र, जमणार नाही असं समजू नका. त्यात फोरके सेकंदाला ३० चित्रांपर्यंत जातं आणि सिनेमाला २४ च लागतात. ६० हवे असतील तर मात्र २०१३ चं एचडीएमआय २.० लागतं.

केबलवर जास्त पैसे घालवू नका. सिग्नल डिजिटल आहे, सोन्याचा मुलामा दिलेल्या महाग केबलने चित्र जास्त सुंदर होत नाही, सिग्नल एकतर पोचतो नाहीतर चित्र तुटतं, ठिपके येतात. लांब केबल असेल तर मात्र चांगली घ्या. आणि डिस्प्लेपोर्टकडून (कॉम्प्युटरवरचं चित्र पाठवायचं दुसऱ्या प्रकारचं भोक) एचडीएमआयकडे जाणारी केबल सहसा एकाच दिशेने चालते, उलटी लावून चालणार नाही.

वायरलेसही आहे, विंडोजचं बटण आणि के दाबून. वायफाय बरा नसेल तर मधेच अडकतं, त्यामुळे सिनेमासाठी मी केबलच म्हणेन.

माझी खरी तक्रार आहे यूएसबी-सी बद्दल. नवीन लॅपटॉपला कित्येकदा एचडीएमआय नसतंच, फक्त ही छोटी भोकं. दिसायला सगळी सारखी, पण कुठल्या भोकातून चित्र बाहेर जातं आणि कुठल्यातून फक्त चार्जिंग आणि फाइली, ते वरून कळत नाही. शेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टचं चिन्ह असेल तर जातं, पण ते चिन्ह छापलेलं असेलच असं नाही. माणूस अॅडॉप्टर आणतो, चालत नाही, आपलंच काहीतरी चुकलं म्हणून गप्प बसतो. चिन्ह छापायला कंपन्यांना असा किती खर्च येतो? प्रत्येक भोकाशेजारी ते असलंच पाहिजे, आणि कडा कापण्याच्या त्या सेटिंगला सगळ्या कंपन्यांनी मिळून एकच नाव द्यायला पाहिजे.

कंपन्या करतील तेव्हा करतील, तुम्हाला मात्र एक गोष्ट लगेच करता येईल. टेक्नॉलॉजीच्या पानावर एक चौकोन छापा, त्यात भोकांची चित्रं, आवाज कुठून बदलायचा ते, आणि कडांच्या सेटिंगला कुठल्या टीव्हीत काय म्हणतात त्याची यादी. कापून टीव्हीच्या मागे चिकटवता येईल एवढा लहान असला तरी चालेल, फक्त अक्षरं मोठी ठेवा.

आपली,
एक नियमित वाचक