नौपाड्याच्या कॅमेरावाल्या काकांना मनापासून धन्यवाद

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम उघड लिहिते आहे. मानेच्या दुखण्यामुळे कॅमेरा कपाटात ठेवायची वेळ आलेले माझ्यासारखे अजून बरेच जण असतील, त्यांनाही राइट अँगल फाइंडरबद्दलचं तुमचं सांगणं उपयोगी पडावं.

पहिला पाऊस झाला की ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात काळी मुसळी फुलते. सहा पाकळ्यांची पिवळीजर्द चांदणी, पण थेट मातीला टेकलेली. तिच्या उंचीवरून फोटो घ्यायचा तर कॅमेरा चिखलावर ठेवायचा आणि गालही तिथेच टेकायचा. स्पॉन्डिलायटिस झाल्यावर ते बंदच झालं. माझ्या निकॉन डी ७२०० चा स्क्रीन जागचा हलत नाही, त्यामुळे जो तो म्हणत होता, वळणाऱ्या स्क्रीनचा नवा कॅमेरा घे. तुम्ही मात्र आधी विचारलंत, "चष्मा लावून बघतेस की काढून?"

तुम्ही सुचवलेला राइट अँगल फाइंडर मला नावापुरताच माहीत होता. कॅमेऱ्याला डोळा लावून बघतो त्या व्ह्यूफाइंडरवर बसवला की वरून खाली बघत फोटो घेता येतो, एवढंच. तुम्ही कॅमेऱ्याचा रबरी आयकप काढून आयपीसची, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाची, चौकट दाखवलीत. माझ्या कॅमेऱ्याची चौकट आयताकृती, म्हणून खाचेत सरकवायचा निकॉनचा डीआर-६ हा फाइंडर. डी ७०० किंवा डी ८५० सारख्या गोल आयपीसला आट्यांवर फिरवून बसणारा डीआर-५. ऑनलाइन मी डीआर-५ च बघत होते, तेही तुम्ही तिथल्या तिथे थांबवलंत.

मग भरपूर अडॅप्टर असलेला एक स्वस्त फाइंडर लावून म्हणालात, "समोरच्या मेडिकलची पाटी वाच." अक्षरं उलटी! नुसत्या आरशावर चालणाऱ्या फाइंडरमध्ये डावं-उजवं बदलतं, कॅमेरा एकीकडे सरकवला की चित्र भलतीकडे जातं, हे तेव्हा उमगलं. वाऱ्यावर हलणाऱ्या फुलामागे असं धावणं अशक्यच. डीआर-६ मधून तीच पाटी सरळ दिसली. चष्म्यामुळे कोपरे कापले जात होते, म्हणून चष्मा काढायला लावून फाइंडरची डायॉप्टरची कडी तुम्ही माझ्या नजरेला जुळवून दिलीत. फ्रेम ठरवताना चित्र १ पट, फोकस तपासताना २ पट मोठं, आणि २ पटीत फक्त मधला भागच दिसतो, हेही बजावलंत.

एवढं करून विकलं काहीच नाहीत! "आधी आठवडाभर वापर, मान काय म्हणते बघ," म्हणून स्वतःचा फाइंडर हातात ठेवलात. डिपॉझिटचं नावसुद्धा काढलं नाहीत. हल्ली असं कोण करतं, काका?

पाटोणपाड्याच्या वाटेवर छोट्या स्टुलावर बसून, मान न वाकवता मी काळी मुसळी टिपली. उभ्या फ्रेमसाठी फाइंडर बाजूला फिरवता येतो, हे तिथे फार कामी आलं. परागकोशांवरची पिवळी भुकटी २ पटीत इतकी स्पष्ट दिसली की फोकस हातानेच लावला.

मला जुन्यात चांगला डीआर-६ मिळाला आहे. तुमचा फाइंडर शनिवारी परत आणते, सोबत तुमच्यासाठी एक मोठी प्रिंटही. आणि माझा डीआर-६ एकदा नजरेखालून घाला, त्याची कडी जरा घट्ट फिरते आहे.

तुमची ऋणी,
वर्तकनगरची मुसळीवाली