आयजीईबद्दलच्या माझ्या शंकेला वेळ दिल्याबद्दल

आदरणीय डॉक्टर,

माझ्या मुलीच्या दम्यासाठी तुम्ही ओमालिझुमॅब सुचवलंत, तेव्हा एका शंकेने मला धास्ती भरली होती. तिच्या ॲलर्जीला कारण असलेल्या आयजीई अँटिबॉडी मास्ट पेशींवर, म्हणजे ॲलर्जीचा भडका उडवणाऱ्या पेशींवर, आधीच बसलेल्या आहेत आणि हे औषध म्हणजे त्याच आयजीईला धरणारी दुसरी अँटिबॉडी. तिलाही दोन टोकं. मग तिने शेजारच्या दोन आयजीई एकत्र ओढल्या तर? धुळीतल्या किड्यांची प्रथिनं जे करतात तेच औषधाने केलं, पेशीतलं हिस्टामिन हे ॲलर्जीचा त्रास देणारं रसायन बाहेर पडलं, तर?

बाहेर पेशंट ताटकळले होते. तरी "हा प्रश्न औषध तयार करणाऱ्यांनाही सोडवावा लागला होता," असं म्हणून तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत. त्या वेळेसाठी हे पत्र.

तुम्ही दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवलीत, तळवे जरा उघडे ठेवलेत आणि मुलीला मध्ये पेन धरायला सांगितलंत. तळवे म्हणजे आयजीईच्या दोन जड साखळ्यांचे सी-एप्सिलॉन ३ हे भाग, पेन म्हणजे मास्ट पेशीवरच्या रिसेप्टरची, म्हणजे आयजीईला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाची, अल्फा साखळी. तळवे अगदी सारखे, पण पेनला टेकतात ते दोन वेगळ्या ठिकाणी. एक पेन बसलं की दुसऱ्याला जागा नाही. २००० साली या जोडीची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली तेव्हा हे नेमकं दिसलं, असं तुम्ही सांगितलंत.

मला यातलं सर्वांत सुंदर वाटलं ते एकास एक हे प्रमाण. एकाच आयजीईने दोन रिसेप्टर धरले असते, तर ते आपोआप जवळ आले असते आणि ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारा पदार्थ, नसतानाही पेशी पेटली असती. तसं होत नाही म्हणून आयजीई पेशीवर नुसती बसून राहू शकते. ॲलर्जन एकाच वेळी अनेक आयजीईंना चिकटलं आणि त्यांचे रिसेप्टर एकत्र आले, की मगच पेशीच्या आत लिन आणि सिक ही एन्झाइमं कामाला लागतात, कॅल्शियम वाढतं आणि हिस्टामिनच्या पिशव्या रिकाम्या होतात.

माझ्या भीतीचं उत्तरही त्याच तळव्यांत होतं. ओमालिझुमॅब सी-एप्सिलॉन ३ वरच बसतं, रिसेप्टरच्या जागेला अगदी लागून. आयजीई रक्तात मोकळी असेल तर ते तिला धरतं आणि मग तिला रिसेप्टरवर बसता येत नाही. पण ती आधीच रिसेप्टरवर बसलेली असेल, तर तिचा आकार असा झालेला असतो की औषधाला तिथे शिरायला वाव मिळत नाही. म्हणून ते बसलेल्या आयजीईंना एकमेकींशी जोडत नाही. हे ऐकलं आणि मी संमतीच्या कागदावर सही केली. क्वचित कुणाला या इंजेक्शनचीच तीव्र रिॲक्शन येते, म्हणून नंतर थांबायचं, हेही तुम्ही लपवलं नाहीत. विश्वास बसला तो त्यामुळेच.

सुरुवातीला फरक दिसेना, तेव्हाही तुमच्याच शब्दांनी धीर दिला. मोकळी आयजीई रक्तात जेमतेम दोन दिवस टिकते. रिसेप्टरवर बसलेली मात्र आठवडेच्या आठवडे सुटत नाही, इतकी ती पकड घट्ट. शिवाय आयजीई मिळेनाशी झाली की पेशी आपले रिसेप्टरही हळूहळू कमी करते. हे सगळं व्हायला वेळ लागणारच होता, आणि तो का लागतो हे ठाऊक असल्यामुळे आम्ही मध्येच औषध सोडलं नाही. आता ती रात्रभर सलग झोपते. खोकल्याने उठून बसत नाही.

पेन धरल्यापासून तिला या विषयाचा नाद लागला आहे. आयजीईला सीडी२३ नावाचा दुसराही रिसेप्टर आहे आणि एकाने धरलं असताना ती दुसऱ्याला धरू शकत नाही, हे तिने कुठेतरी वाचलं. दोन्ही जागा एकमेकींपासून दूर असताना असं कसं होतं, हे तिला तुम्हाला विचारायचं आहे. पुढच्या तारखेला थोडा वेळ काढाल ना?

मनापासून आभारी,
तुमच्या एका पेशंटची आई