तानपुरे लावणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

कालच्या मैफलीनंतर जो तो बाईंच्या गाण्याबद्दल बोलत होता. एवढ्या थोर गायिकेला समोर बसून ऐकायला मिळालं, तर बोलणारच! पण त्यांचा पहिला षड्ज, म्हणजे ‘सा’, लागला आणि सभागृह श्वास रोखून बसलं, त्यात तुमचाही मोठा हात होता. म्हणून आम्हा श्रोत्यांकडून हे आभाराचं पत्र.

लोक यायच्या बरंच आधी तुम्ही दोन्ही तानपुरे गवसणीतून काढून मंचावर ठेवलेत. एसीच्या गारव्यात तार आकसते नि स्वर चढतो. दिवे लागले, माणसं भरली, की तीच तार सैलावते. शिवाय भोपळा आणि लाकूड हवेतला ओलावा घेतात ते वेगळंच. आत खोलीत लावून ऐनवेळी बाहेर आणलेला तानपुरा थोड्याच वेळात उतरतो किंवा चढतो तो यामुळे. तुम्ही मंचावरच्या हवेला वेळ दिलात.

आधी जोड (मधल्या दोन सारख्या तारा), मग खर्ज (खालच्या ‘सा’ची जाड तार), शेवटी पंचम (‘प’ची पहिली तार), हा तुमचा क्रम. खुंटी घसरू नये म्हणून तिला खडूची पूड. जोडीच्या दोन तारांत सेकंदाला दोन कंपनांचा फरक उरला, तरी आवाज सेकंदाला दोनदा डोलतो. हे डोलणं पुष्कळांच्या कानांना चालून जातं. तुम्ही मात्र तारेत ओवलेला, स्वर बारीक जुळवायचा मणी केसभर खाली सरकवत राहता. डोलणं संथ होत होत पार थांबतं, तेव्हाच पुढच्या तारेला हात लावता.

आणि जवारी, म्हणजे तारेचा तो भरलेला झंकार! घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) आणि तार यांच्यामधला तो सुती दोरा एका जागी असेल तर तार मुकी राहते, किंचित पुढे गेला तर कर्कश चिरकते. त्या दोहोंच्या मधली जागा अगदी चिंचोळी. शिवाय दोरा हलला की स्वरही हलतो, म्हणजे पुन्हा मण्याकडे. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली तानपुरा आणि वीणेच्या घोडीचा अभ्यास करून दाखवलं होतं, की तार ज्या जागी छेडली त्या जागेमुळे, नियमानुसार, जे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर) उमटायलाच नकोत, तेही या घोडीमुळे उमटतात. काल खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार (आपोआप उमटणारा ‘ग’) मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू येत होता. कुणीही न छेडलेला तो गंधार, खर्जाच्या पाचपट कंपनांचा. यमन रागात बाई गंधारावर थांबल्या तेव्हा त्यांचा आवाज कुठे संपला आणि तानपुऱ्याचा कुठे सुरू झाला, हे कळेना. रेकॉर्डिंगमध्ये तानपुरा बहुधा मागे दबलेला असतो. हे सुख समोर बसूनच मिळतं.

वय झालेल्या गळ्याला दमसास पूर्वीइतका पुरत नाही. दोन आलापांमध्ये विसावा लागतो. तानपुरे सुरेल असले की तो विसावा रिकामा वाटत नाही, राग चालूच राहतो. किशोरीताई आमोणकर तानपुरे मनासारखे लागेपर्यंत गायला सुरुवात करत नसत, त्याचं मर्म यातच आहे. त्या वेळात चुळबुळ करणाऱ्या श्रोत्यांनी खरं तर कान देऊन ऐकावं, मैफल तिथेच सुरू झालेली असते.

यमनानंतर मालकंस. त्यात पंचम वर्ज्य, म्हणून पहिली तार मध्यमावर, म्हणजे ‘म’वर, आणायची. घाईत ती नुसती सैल करून मध्यमावर सोडली, तर काही मिनिटांत आणखी उतरते. तुम्ही ती मध्यमाच्याही खाली नेलीत, बोटानं हलकेच ताणलीत आणि मग वर चढवून आणलीत. टाळ्या विरायच्या आत दोन्ही तानपुरे तयार! मालकंस संपेपर्यंत मध्यम जागचा हलला नाही.

एक विनंती आहे. पुढच्या वेळी माइक लावताना ध्वनिव्यवस्थेच्या मंडळींना तुम्हीच जागा दाखवा. काल सुरुवातीला एक माइक तारा छेडणाऱ्या बोटांच्या फार जवळ होता, त्यामुळे झंकारापेक्षा नखाचा आवाज जास्त येत होता. तो तुम्ही घोडीच्या बाजूला वळवलात आणि खर्ज मोकळा झाला. ही जागा त्यांनी भोपळ्यावरच्या लाकडी तबलीजवळ खूण करून ठेवली, तर तरुण शिष्यांनाही उपयोग होईल.

आपले कृतज्ञ,
सभागृहातले श्रोते