पोरांच्या गोल्फात हँडिकॅप पाहिजेच

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या खेळांवर पानभर मजकूर आला, चांगला होता, पण त्यात गोल्फला "श्रीमंतांचे चोचले" म्हणून एका ओळीत वाटेला लावलं ते काही पटलं नाही म्हणून लिहितोय. आपला गोल्फपटू एसएसपी चौरसिया, त्याचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात गवत राखायच्या कामावर होते आणि पोरगा २०१६ आणि २०१७ असं लागोपाठ दोनदा इंडियन ओपन ही गोल्फची स्पर्धा जिंकला. खर्चिक खेळ आहे हे मान्य, पण पोरांना त्याची गोडी लावायला पैसा लागत नाही, वेगळंच काहीतरी लागतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

माझी नोकरी फौजेत झाली. साहेब लोकांचे स्कोअरकार्ड भरता भरता खेळ समजला, पुढं हातात क्लब म्हणजे खेळायची काठीही आली. रिटायर होऊन गावी आल्यावर गावाबाहेरच्या ई-क्लास म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवर पोरं जमवली. हिरवळ वगैरे काही नाही बरं का, पण त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही, पाण्याची टंचाई असलेल्या ठिकाणी ग्रीनच्या म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीच्या जागी ब्राउन करायची जुनीच पद्धत आहे, रेतीत तेल कालवून सपाट करतात. आम्ही तेल टाकत नाही कारण तिथंच गुरं चरतात, नुसती चाळलेली रेती, वरून पाणी शिंपडायचं आणि फळी फिरवायची. खरा बॉल दगडासारखा, पोराच्या डोक्यात बसला म्हणजे संपलं, म्हणून टेनिस बॉल. नियमातलं होल, म्हणजे बॉल घालायचा खड्डा, १०८ मिलिमीटरचं असतं, त्यात टेनिस बॉल टाकता टाकता पोरं रडकुंडीला येतात, मग आम्ही रंगाच्या रिकाम्या बादल्या जमिनीत पुरल्या. सहा होल, पार म्हणजे चांगल्या खेळाडूला लागावेत असे ठरवलेले शॉट, तो सगळा मिळून २०. सोयाबीन निघालं की सुरू, होळी झाली की बंद, पुढं ऊन कोणाला सोसतं.

आता मुद्द्याचं. केंद्रस्तरीय शाळेच्या स्पर्धा आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. पहिलीपासून जे दोन-तीन पोरं पळायला तेज तेच दरवर्षी सर्टिफिकेट नेतात, बाकीचे टाळ्या वाजवायला आणि सातवीपर्यंत ते मैदानाकडे फिरकणंच सोडून देतात. गोल्फात हे आणखी लवकर होतं कारण इथं प्रत्येक शॉट मोजला जातो, कमी शॉटवाला जिंकतो, २६ कुठं अन् ४४ कुठं, कागदावरच दिसतं. कबड्डीत आपण वजनगट करतो की नाही, तशी सोय या खेळात आधीपासून आहे, तिला हँडिकॅप म्हणतात, म्हणजे कच्च्या खेळाडूला ठरलेले शॉट वजा करून मिळतात आणि तो पक्क्यासोबत बरोबरीनं खेळू शकतो. मोठ्यांसाठी २०२० पासून जगभर एकच पद्धत आली, त्यात कोर्स रेटिंग, स्लोप असे मैदान किती अवघड ते सांगणारे आकडे, ११३ नं गुणायचं अशी भानगड असते. पोरांना ते कशाला?

आमची पद्धत पाचवीच्या पोराला पाटीवर करता येते. शेवटचे चार राउंड म्हणजे सहाही होलच्या फेऱ्या घ्या, त्यातले चांगले दोन निवडा, त्यांची सरासरी काढा, पारचे वीस वजा करा, अर्धा उरला तर सोडून द्या. झाला हँडिकॅप. एका होलला नऊ शॉट झाले की बॉल उचलायचा आणि नऊच लिहायचे, नाहीतर एक पोरगं बाभळीखाली पंधरा शॉट मारत बसतं आणि मागचे सगळे तोंडाचा तंबोरा करून उभे.

उदाहरणच देतो. एक मुलगी आहे, तिचे राउंड ४४, ३९, ४७, ४१. चांगले दोन ३९ आणि ४१, सरासरी ४०, हँडिकॅप २०. दुसरा पोरगा आमच्यातला सगळ्यात पक्का, त्याचे २८, २६, ३१, २७, म्हणजे साडेसव्वीस, हँडिकॅप ६. रविवारी मुलगी ३८ मध्ये आली, वीस गेले, उरले म्हणजे नेट १८. पोरगा २६ मध्ये आला, नेट २०. जिंकली मुलगी. पोरगं लालबुंद, "मेजर, म्या बारा शॉट कमी मारले नं, मंग थे कशी जिंकली?" मी म्हटलं बाबू, तू तुझ्या नेहमीइतकाच खेळला, ती तिच्या नेहमीपेक्षा चांगली खेळली. त्याला पटलं नाही, त्याच्या बापालाही पटलं नाही, पण पुढच्या रविवारी मुलीचा हँडिकॅप १८ वर आलेला पाटीवर दिसला तेव्हा जरा थंड झाला. सवलत कायमची नसते, खेळ सुधारला की आपोआप कमी होते, हे पोरांना लवकर समजतं, मोठ्यांना वेळ लागतो.

चांगलेच दोन राउंड का, चारही का नाही, असं एका गुरुजींनी विचारलं. कारण पोरं आपल्यापेक्षा हुशार असतात. चारही राउंडची सरासरी धरली की स्पर्धेच्या आधी मुद्दाम बॉल नाल्यात घालून हँडिकॅप फुगवतात, चांगले दोन धरले तर एक राउंड वाया घालवून काही हाती लागत नाही. मोठ्यांच्या पद्धतीतही शेवटच्या २० मधले चांगले ८ धरतात ते याच्यासाठीच.

पाहुणं पोरगं पहिल्यांदाच आलं, त्याचे राउंडच नाहीत, तर? त्यासाठी सिस्टिम ३६ म्हणून प्रकार आहे. पार किंवा त्याहून कमी मारलं तर दोन गुण, एक शॉट जास्त लागला तर एक, त्याच्यावर शून्य, १८ होलचे गुण ३६ मधून वजा, तोच त्या दिवसाचा हँडिकॅप. आमच्या सहा होलला १२ मधून वजा करायचे. पण अगदी नवख्याला हे पुरत नाही, १२ च्या वर मिळतच नाही आणि ते बिचारं ५० मारून येतं, म्हणून त्याला पहिले दोन रविवार नुसतं खेळू द्यावं, नंबरात धरू नये.

कोणी म्हणेल यानं पक्क्या पोराचं नुकसान होतं. होऊ शकतं, म्हणून ग्रॉसचं, म्हणजे काही वजा न करता मोजलेल्या शॉटचं, बक्षीसही वेगळं ठेवा, सगळ्यात कमी शॉट मारणाऱ्याचा मान त्याला मिळालाच पाहिजे. शेवटी वर गेल्यावर कोणी शॉट वजा करून देत नाही, टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या गोल्फपटू अदिती अशोकचं ब्राँझ एका शॉटनं गेलं आणि ती चौथी आली. पण तिथवर जायला आधी दहा-बारा वर्षांचं पोरगं खेळात टिकलं पाहिजे. शहरातल्या एका स्पर्धेला मी आमची चार पोरं नेली होती, तिथं हँडिकॅप-बिँडिकॅप काही नाही, सरळ ग्रॉसवर नंबर, सगळे शेवटी. त्यातली दोन पुन्हा आलीच नाहीत.

तेव्हा विनंती एवढीच की मुलांच्या स्पर्धा घेणाऱ्यांनी नेट आणि ग्रॉस असे दोन निकाल लावावेत आणि आपण बातमी छापताना दोन्ही छापावेत, नेटवाल्याचं नाव आधी छापलं तर आणखी बरं. आणि ज्यांच्या घरी जुने क्लब धूळ खात पडले असतील त्यांनी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत देऊन टाकावेत, दांडा लांब वाटला तर वेल्डिंगवाला कापून देतो.

आपला,
एक माजी सैनिक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ