मंदारला पत्र: तुझं पान उघडलं

प्रिय मंदार,

काल रात्री सव्वादोनला तुझं पान उघडलं, मी स्वतः लिहीत असलेल्या ब्राउझरमध्ये. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तू नोटपॅडमध्ये टाइप करून केलेलं ग्रहणांवरचं पान. काळी पार्श्वभूमी, पिवळी अक्षरं, टेबलात टेबल. त्याची फाइल मी जपून ठेवली होती आणि गेली तीन वर्षं तेच माझं चाचणीचं पान आहे, हे तुला कधी बोललो नाही. ते नीट दिसल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

मागे फोनवर तू विचारलंस की पानाचा कोड वाचून ते पडद्यावर काढणारी तयार इंजिनं असताना ब्राउझर मुळापासून लिहायचा कशाला. तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. मंदार, तयार म्हणजे किती, ते बघ. केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या स्वयंसेवकांनी १९९८ मध्ये केएचटीएमएल हे इंजिन लिहायला घेतलं. ते उचलून ॲपलने वेबकिट केलं आणि २००३ मध्ये सफारी आणला. वेबकिटमधून २०१३ मध्ये गूगलचं ब्लिंक फुटलं. त्याच वर्षी ऑपेराने स्वतःचं प्रेस्टो सोडलं आणि २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आपलं इंजिन सोडत असल्याचं जाहीर केलं. मोठी म्हणावीत अशी आता तीनच उरली: ब्लिंक, वेबकिट आणि मोझिलाचं गेको. त्यातली दोन एकाच घराण्यातली. एवढ्या मोठ्या जगाचं वाचन तीन यंत्रांतून होतं आणि ती आतून कशी चालतात हे कळणारी माणसं थोडी, याची मला खरंच काळजी वाटते. अँड्रियास क्लिंग या प्रोग्रामरने २०१८ मध्ये सेरेनिटीओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम सुरू केली, तिच्यात स्वतःचं टूलकिट, म्हणजे खिडक्या-बटणं उभारायचं साहित्य, लिहिलं, त्याच कामातून पुढे लेडीबर्ड हा ब्राउझर निघाला आणि २०२४ मध्ये तो स्वतंत्र प्रकल्प झाला. ते बघून मला धीर आला. माझं काम त्याच्या पासंगालाही पुरत नाही, पण वाट तीच आहे.

मी टूलकिटपासून सुरुवात केली. खिडकी, बटण, स्क्रोलबार, मजकुराची चौकट. असा प्रत्येक भाग म्हणजे एक विजेट. ते वर्ष फार सुखाचं गेलं. सगळे नियम माझे. आईविजेटने मुलाला सांगायचं, ‘तुला एवढीच रुंदी’. मुलाने उलट सांगायचं, ‘मग माझी उंची एवढी’. जेवढा भाग बदलला तेवढाच पुन्हा रंगवायचा. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं हवीत तर एकाला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि माझं काम चार-पाचांत उरकायचं.

मग ब्राउझरला हात घातला आणि मोठी चूक केली. पानातल्या प्रत्येक घटकाचं एक विजेट करून टाकलं. परिच्छेद म्हणजे विजेट, लिंक म्हणजेही विजेट. पाच महिने हे चाललं. एके दिवशी तुझ्याच पानावरची एक लांब लिंक ओळीच्या शेवटी मोडून खालच्या ओळीवर आली आणि माझं सगळं गणित कोसळलं. विजेट हा एक आयत असतो. मोडलेली लिंक म्हणजे दोन आयत, एक उजव्या टोकाला, दुसरा खाली डाव्या टोकाला, आणि क्लिक दोन्हीवर लागली पाहिजे. मधल्या जागेवर मात्र नाही. पाच महिन्यांचा कोड काढून टाकला. आता पूर्ण पान हेच एक विजेट आहे आणि आतली मांडणी त्याची ते बघतं.

पार्सरबद्दल, म्हणजे पानाचा कोड वाचून त्याची रचना लावणाऱ्या भागाबद्दल, मात्र तुला सविस्तर सांगायचंय. पानं ज्या टॅगांच्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या स्पेकमध्ये, म्हणजे अधिकृत नियमावलीत, नुसत्या टोकनायझरच्या, म्हणजे कोडचे तुकडे पाडणाऱ्या भागाच्या, ८० अवस्था आहेत. मला वाटायचं, चुकीचं लिहिलेलं पान आलं की इंजिनाने जमेल तसं दाखवावं. तसं नाही. चुकलेल्या पानाचं काय करायचं तेही पायरीपायरीने ठरलेलं आहे. ठळक अक्षरांचा टॅग उघडला, त्याच्या आत परिच्छेद उघडला आणि परिच्छेद संपायच्या आधीच ठळकचा टॅग बंद केला, तर त्या टॅगची एक प्रत परिच्छेदाच्या आत बसवायची. या रीतीला ‘ॲडॉप्शन एजन्सी’ असंच नाव आहे. टेबलात कप्प्याबाहेर मजकूर पडला तर तो उचलून टेबलाच्या आधी ठेवायचा. त्याला म्हणतात ‘फॉस्टर पेरेंटिंग’. दत्तक आणि सांभाळ! कुणाचंही जुनं, घाईत लिहिलेलं पान निराधार राहू नये म्हणून लोकांनी किती कष्ट घेतलेत, हे ते नियम कोडमध्ये उतरवताना कळत गेलं.

देवनागरीने वेगळाच घाम काढला. ‘क्षि’ हे आपल्याला एक अक्षर, फाइलमध्ये चार खुणा. ऱ्हस्व इकार साठवायचा नंतर आणि काढायचा आधी. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक माझ्या इंजिनाला दोन महिने कळत नव्हता, दोन्हीकडे रफारच. शेवटी अक्षरांच्या जोडणीचं काम मी हार्फबझ या लायब्ररीवर सोपवलं. क्रोम आणि फायरफॉक्सही तीच वापरतात. ते एक मी मुळापासून केलेलं नाही. कर्सर कुठे थांबायचा ते मात्र माझं आहे, आणि तो आता ‘क्षि’च्या मध्ये अडकत नाही.

आता तुझ्या पानाचं. तू सगळ्या पानाला मोठ्या फाँटचा टॅग लावला होतास आणि तोच टॅग टेबलाच्या प्रत्येक कप्प्यात पुन्हा लिहिला होतास. मी म्हणायचो, हा उगाच द्विरुक्ती का करतो? तर कारण आता सापडलं. तुझ्या पानाला डॉकटाइप, म्हणजे पान कोणत्या नियमांनी वाचायचं ते सांगणारी पहिली ओळ, नाही. अशी पानं इंजिनाने जुन्या पद्धतीने, म्हणजे क्वर्क्स मोडमध्ये वाचायची असतात, आणि त्यात टेबल बाहेरच्या अक्षरांचा आकार घेत नाही. तू ते बघून बघून शोधलं असणार. एका कप्प्यात तू टॅग विसरलास, ‘खग्रास’च्या खालच्या. तिथली ओळ तेव्हा बारीक दिसायची, आठवतं? माझ्याकडे ती बाकीच्यांसारखीच मोठी येत होती. काल तो नियम घातला आणि ती ओळ बारीक झाली. मी खुर्चीतून उठलोच. तुझी तेव्हाची विसरलेली जागा अगदी होती तशी समोर होती.

एकच राहिलंय. उजवीकडे १२० बाय १६० ची रिकामी चौकट येते. तू रुंदी-उंची लिहून ठेवलीस म्हणून जागा बरोबर राखली जाते, पण चित्राची फाइल माझ्याकडे नाही. नाव ‘कंकण’ आहे, जिफ आहे. तुझ्या जुन्या सीडींमध्ये बघशील? जिफ फाइल उलगडून चित्र काढणारा डिकोडर मी या आठवड्यात लिहून संपवतो, आणि त्यातून निघणारं पहिलं चित्र तुझंच असावं असं मनात आहे. सापडली की लगेच पाठव, वेळ बघू नकोस.

तुझा,
अनिकेत