आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: एक्स्टिंग्विशरची पिन प्रत्येक परिचारिकेने स्वतः ओढली पाहिजे

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात एका सरकारी रुग्णालयात आग विझवण्याचं प्रशिक्षण झालं. आवारात पुठ्ठे पेटवले, सुरक्षारक्षकाने एक्स्टिंग्विशर मारला, फोटो निघाले आणि हजेरीपत्रकावर सगळ्या वॉर्डांच्या सह्या घेतल्या. एकाही परिचारिकेच्या हातात तो आग विझवायचा सिलिंडर गेला नाही. रात्रपाळीला वॉर्ड त्यांच्याच भरवशावर असतो, साहेब.

9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा नवजात बाळं गेली. राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. 6 नोव्हेंबर 2021 ला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत अकरा रुग्ण गेले. मध्ये दहा महिनेही गेले नव्हते. ऑडिटमध्ये सिलिंडर किती, दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे बघतात. तो कुणाला चालवता येतो, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

सहा किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतो. पहिली चूक लिव्हर अडवून धरणाऱ्या पिनपाशीच होते. घाबरलेला माणूस हँडल आणि लिव्हर एकत्र मुठीत आवळतो. त्या दाबाने पिन अडकते, कितीही ओढली तरी निघत नाही. सिलिंडर जमिनीवर टेकवायचा, लिव्हर मोकळी सोडायची, पिन पिळून ओढायची, की प्लास्टिकचं सील तुटतं. हे ऐकून जमत नाही, हाताला सवय लागावी लागते. मग दार पाठीशी ठेवून, आगीपासून दोन-अडीच मीटरवर उभं राहून नोझल आगीच्या बुडाशी रोखायचं. ज्वाळांवर मारलेली पावडर नुसती उडून जाते. फार जवळून मारली तर पेटते कपडे आणि कागद झोताने पसरतात. झाडू फिरवावा तसा झोत डावी-उजवीकडे न्यायचा. आग विझली तरी पाठ न फिरवता मागे यायचं, कारण गादी आतून धुमसत असते.

अतिदक्षता विभागातल्या यंत्रांसाठी सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचा सिलिंडर असतो. त्याला दाबाचा काटा नसतो. तो भरलेला आहे की नाही हे वजनावरूनच कळतं. आतला वायू दहा टक्क्यांनी घटला की रिफिल. झोत उणे 78 अंशांच्या आसपास असतो, हॉर्न, म्हणजे झोत बाहेर सोडणारं नरसाळं, उघड्या हाताने धरलं तर कातडी गोठते. बंद खोलीत त्याने माणसाचाही श्वास कोंडतो. आणि ऑक्सिजन सुटत असेल, तर वॉर्डाचा व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय सीओटूचा उपयोग नाही. तो व्हॉल्व्ह बंद करायचा म्हणजे त्यावरच्या रुग्णांना आधी अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) किंवा ऑक्सिजनचा सुटा सिलिंडर हवा. हा निर्णय रात्री दोन वाजता कुणी घ्यायचा, हे आजच ठरलेलं हवं. धूर डोक्यापर्यंत खाली आला असेल, तर एक्स्टिंग्विशर टाकून रुग्ण उचलायचे. हेही शिकवावंच लागतं.

पैसे नाहीत हे कृपा करून सांगू नका. रिफिलिंगची मुदत आलेले सिलिंडर तसेही रिकामे करायचेच असतात. ते प्रशिक्षणात वापरा. वॉर्ड उघडा पडू नये म्हणून निम्मे आधी, निम्मे नंतर. लोखंडी ट्रेमध्ये पाणी, त्यावर थोडं डिझेल, शेजारी अग्निशमन दलाचे जवान, एवढं पुरतं. शिवाय रिकामा झालेला सिलिंडर नुसतं स्टिकर बदलून पुन्हा टांगता येत नाही. एकदा लिव्हर दाबलेला सिलिंडरही तसाच टांगायचा नसतो. पावडरचे कण व्हॉल्व्हमध्ये अडकतात आणि दाब हळूहळू निघून जातो.

2006 चा अग्निसुरक्षा कायदा वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, देखभालीचा दाखला मागतो. दाखला यंत्रांचा. माणसं कंत्राटी, आज आहेत, उद्या बदलली. आणि दोन्ही दुर्घटनांनंतर कारवाई कुणावर झाली? परिचारिकांवरही झाली. ज्या व्यवस्थेने त्यांना शिकवायची तसदी घेतली नाही, तिने त्यांना आरोपी केलं. याचा संताप येतो, आणि तो लपवायचा नाही.

14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीतल्या स्फोटात 66 अग्निशमन जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी 14 एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह असतो. येत्या सप्ताहात प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या हजेरीपत्रकात सहीशेजारी एक रकाना वाढवा: स्वतः पिन ओढून आग विझवली, हो की नाही. आणि ती पत्रकं वॉर्डनिहाय खात्याच्या संकेतस्थळावर टाका.

आपला,
अग्निसुरक्षेचं काम करणारा एक नागरिक