तक्रार पत्र : चार दिवसांच्या इन्का ट्रेलचे पैसे, चाल एका दिवसाची

दि. २ जून २०२५
ठाणे (प.)

प्रति,
व्यवस्थापक,
परदेश ट्रेक विभाग

विषय : परवाने न काढता ‘क्लासिक इन्का ट्रेल’ विकल्याबाबत, तसेच पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

मी, माझे यजमान आणि माझी नणंद अशा तिघांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये तुमच्या ठाण्यातल्या ऑफिसात येऊन पेरूच्या इन्का ट्रेलचं, म्हणजे माचू पिचू या इन्कांच्या प्राचीन शहराकडे जाणाऱ्या जुन्या पायवाटेचं, बुकिंग केलं. प्रत्येकी ४ लाख ८५ हजार, वर ५ टक्के टीसीएस (परदेश सहलीवर आगाऊ घेतला जाणारा कर). तुमच्या माहितीपत्रकात स्पष्ट छापलं आहे : रेल्वेमार्गावरच्या किलोमीटर ८२ या ठिकाणापासून चालायला सुरुवात, चार दिवस, तीन मुक्काम तंबूत, सुमारे ४३ किलोमीटर आणि शेवटच्या दिवशी इंती पुंकू, म्हणजे सूर्यदरवाजातून माचू पिचूचं दर्शन. प्रत्यक्षात आम्ही एक दिवस चाललो. तंबूचं तोंडही पाहिलं नाही.

१४ मेच्या संध्याकाळी पेरूतल्या कुस्को शहरातल्या हॉटेलात तुमच्या लीडरने आम्हा अकरा जणांना बसवून सांगितलं, की वाटेत दरड कोसळली आहे, ट्रेल बंद आहे, म्हणून आपण त्याच रेल्वेमार्गावर पुढे असलेल्या किलोमीटर १०४ पासूनचा एक दिवसाचा छोटा ट्रेक करू. आम्ही मान डोलावली. दरडी आम्हाला नव्या नाहीत, दर पावसाळ्यात माळशेज घाटात बघतो. डोंगरापुढे कोणाचं चालतं?

१६ तारखेला सकाळी ओयांतायतांबो गावाहून आगगाडीत बसलो. गाडी किलोमीटर ८२ वरून पुढे जाते, हे बहुधा तुमच्या लीडरच्या लक्षात नसावं. खिडकीतून बघते तर तिथे ही गर्दी! पोर्टर मंडळी पाठीवर बोजे चढवत होती, काही बोजे वजनाच्या रांगेत होते आणि काठ्या घेतलेले ट्रेकर एकमेकांचे फोटो काढत होते. बंद ट्रेलच्या तोंडाशी इतकी माणसं कशाला जमतील? नणंदेने माझ्याकडे पाहिलं. लीडर तेवढ्यात डुलकी घेत होता, किंवा तसं दाखवत होता.

स्थानिक वाटाड्याला विचारलं. बिचारा आधी घुटमळला, मग म्हणाला, दरड वगैरे काही नाही, तुमच्या गटाचे चार दिवसांचे परवाने कधी काढलेच नव्हते. एक-दिवसाच्या वाटेचे परवाने वेगळे असतात, तेवढेच होते.

मी तीस वर्षं बँकेत काढली, तारखा जुळवायची सवय जात नाही. क्लासिक ट्रेलवर दिवसाला ५०० जणांनाच सोडतात, त्यातही वाटाडे आणि पोर्टर धरून. परवाना माणसाच्या नावावर आणि पासपोर्ट क्रमांकावर निघतो, दुसऱ्याला देता येत नाही आणि मे महिन्याचे परवाने काही महिने आधीच संपतात. तुमच्या ऑफिसातून मला १२ जानेवारीला व्हॉट्सॲप आला : ‘काकू, परमिट्स कन्फर्म, टेन्शन नका घेऊ.’ आणि आमच्या पासपोर्टच्या प्रती तुम्ही पहिल्यांदा मागितल्या ४ मार्चला. मग जानेवारीत कोणाच्या पासपोर्टवर परवाने कन्फर्म झाले होते? दोन्ही मेसेज सोबत जोडले आहेत.

परवाने मिळाले नाहीत, हा गुन्हा नाही. मार्चमध्ये सांगितलं असतं तर आम्ही पुढच्या वर्षी गेलो असतो किंवा त्याच भागातला सालकांतायचा ट्रेक केला असता, ज्याला हा परवाना लागत नाही. तुम्ही ते दोन महिने लपवलं आणि कुस्कोत नेऊन, परतीची वाट बंद झाल्यावर, वर दरडीची थाप मारली.

माझ्या आधीच्या तक्रारीला तुम्ही दिलेल्या उत्तरात ‘माचू पिचू तर दाखवलंच’ असं आहे. माचू पिचू पायथ्याच्या आग्वास कालिएंतेस गावाहून बसने गेलं तरी दिसतं, त्यासाठी पाच लाखांचा ट्रेक कोण घेतं? आम्ही पैसे भरले होते ते वाटेवरच्या रुंकुराकाय, सायाकमार्का, फुयुपातामार्का या अवशेषांसाठी, जिथे चालतच जावं लागतं. छोट्या वाटेवरचे विन्याय वायनाचे अवशेष तेवढे पाहायला मिळाले. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, मधून एकाखाली एक दगडी कुंडं आणि त्यांत अजून पाणी खेळतंय. अंबरनाथचं शिवमंदिर पाहत वाढलेली मी, पण तिथल्या एका भिंतीच्या सांध्यात नख घालून पाहिलं, गेलं नाही. चुना नाही, काही नाही. तिथे वाटाड्याने घड्याळ दाखवलं आणि वीस मिनिटांत निघालो. असे आणखी तीन दिवस आमचे होते.

सहा महिने आम्ही आमच्या मानपाड्याच्या सोसायटीचे चौदा मजले पाठीवर सॅक घेऊन चढत होतो. दर रविवारी ठाण्याजवळचा येऊरचा डोंगर, दोनदा कळसूबाई. यजमानांनी ५९व्या वर्षी दहा किलो वजन उतरवलं. क्लासिक ट्रेलवरची सगळ्यात उंच वार्मिवान्युस्काची खिंड सुमारे ४,२०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या अडीचपट. तिच्यासाठी ही तयारी होती. छोट्या वाटेवर २,८०० मीटरसुद्धा गाठावे लागत नाहीत.

आणखी एक. पोर्टरच्या टिपेसाठी लीडरने कुस्कोत प्रत्येकी ८० डॉलर जमा केले. दुसऱ्या दिवशी आमच्यासोबत एकही पोर्टर नव्हता, आमच्या सॅका आम्हीच वाहिल्या. अकरा जणांचे ८८० डॉलर कोणाला दिले, याचा हिशेब हवा.

‘परिस्थितीनुसार मार्गात बदल’ ही बारीक अक्षरातली ओळ मीही वाचली आहे. परवाना न काढणं ही परिस्थिती नव्हे. आणि तुम्ही देऊ केलेली पुढच्या एव्हरेस्ट बेस कॅम्प ट्रेकवरची दहा हजारांची सूट नको, तुमच्याबरोबर मी येऊरलासुद्धा येणार नाही.

माझी मागणी अशी. तिथल्या एजन्सीने तुम्हाला दिलेलं बिल दाखवा आणि क्लासिक व छोट्या ट्रेकमधला फरक तिघांनाही परत करा. बिल दाखवायचं नसेल तर प्रत्येकी १ लाख ६० हजार द्या. टिपेचे डॉलर वेगळे. टीसीएसचं प्रमाणपत्रही अजून आलेलं नाही, विवरणपत्र भरायच्या आत ते हवं. परवाने कधी मागितले आणि कधी नाकारले गेले, हे लेखी कळवा.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, तिघं तीन अर्ज करू. गटातल्या वाशी आणि नेरुळच्या दोन कुटुंबांशीही बोलणं झालं आहे.

आपली,
बुकिंगमधल्या तिघांपैकी पहिली ग्राहक

सोबत : पावत्या, माहितीपत्रक, व्हॉट्सॲप मेसेज, १६ मेचं आगगाडीचं तिकीट आणि किलोमीटर ८२ चा खिडकीतून काढलेला फोटो.

ता. क. : त्या वाटाड्याचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. त्याला कामावरून काढल्याचं कळलं तर तेही अर्जात येईल.